दातेरी पट्टा आणि गोदाक्काचे गुडघे

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती आणि टेकडीवर पाणी नव्हते. माथ्यावर सशांची वस्ती होती. गोदाक्का नावाची म्हातारी हत्तीण रोज नदीवरून त्यांचे पाणी वाहून नेई. पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले. ती सिंहमहाराजांना म्हणाली, "महाराज, आता चढ झेपत नाही. मला मोकळं करा."

महाराज दयाळू होते. दयाळू राजे अशा वेळी यंत्र मागवतात.

पाणी वाहणारा चारचाकी रोबो बनवायचे ठरले. मोटर आली, चाके आली. राहिला तो मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणारा दातेरी पट्टा, आणि तो ज्यांवर फिरतो त्या दातेरी पुल्या. तुम्ही म्हणाल, दोन्ही एकमेकांना लावून बघून घ्यावीत. म्हणूनच तुम्हाला अजून कोणी समितीवर घेतलेले नाही.

त्या जंगलात कोणतेही काम माकडे आणि कोल्हे यांच्यात निम्मे-निम्मे वाटायची रीत होती. पट्टा माकडांकडे गेला, पुल्या कोल्ह्यांकडे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचे नाही, हेही रीतीतच होते.

माकडांनी मगरीच्या दातांसारखे दाते असलेला दणकट पट्टा निवडला. कोल्ह्यांनी उंदराच्या दातांसारख्या बारीक दात्यांच्या पुल्या. दोन्हींची वेगवेगळी मिरवणूक निघाली.

टेकडीच्या पायथ्याशी उद्घाटन झाले. गोदाक्का गुडघे चोळत आली. मोटर घुमली. पट्टा पुलीवर कडाकड उड्या मारू लागला. रोबो जागचा हलला नाही.

"पट्टा अस्सल आहे," माकडांचा म्होरक्या म्हणाला. "पुल्यांचंच काही बघा."

"पुल्या बघूनच घेतल्यात, मर्कटराव," कोल्ह्यांचा म्होरक्या म्हणाला. "झाडावरून नाही."

"अहो, दात्यांचं माप एक घ्या की," गोदाक्का म्हणाली. "भांडता कशाला?"

माप जुळत नाही हे सगळ्यांनाच दिसत होते.

"म्हणजे आम्ही माकडांना विचारायला जायचं?" कोल्हा हळूच म्हणाला.

"का आम्ही तुम्हाला?" माकड म्हणाले.

महाराजांनी आयाळ खाजवली. "पट्टा उत्तम. पुल्या उत्तम. तेव्हा रोबो उत्तमच असणार. दोष चढाचा आहे."

माकडे आणि कोल्हे यांचे प्रथमच एकमत झाले.

"आणि सशांचं पाणी?" गोदाक्काने विचारले.

"ते रोबोच नेणार. आक्का, तुम्ही नुसती मागून सोंड लावा."

तेव्हापासून गोदाक्का रोज पाण्यासकट रोबो टेकडीवर ढकलते. पूर्वी नुसते पाणी होते. मोटर चालूच ठेवतात, कारण आवाज नसला तर पाहुण्यांना यंत्र आहे हे कळत नाही. ससे वरून बघतात आणि म्हणतात, "यंत्र आल्यापासून आक्कांना किती आराम झाला."

तात्पर्य : दात्यांचे माप जुळले नाही तरी काही बिघडत नाही. फक्त गुडघे दुसऱ्याचे असावेत.