खांबाशी बोलणारा जोमा

जोमा आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबाशी बोलायचा. वेडा नाही. सत्तरी ओलांडली तरी सातबारा चष्म्याशिवाय वाचतो. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. जोमाचं नीट सांगता आलं असतं ते माझ्या बायकोला, पण ती आता नाही. म्हणून मीच सांगतो.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो यायचा, खांबाला हात टेकायचा आणि म्हणायचा, "खांबा, उद्या दिवसभर लाईट जानार हाय रं. दळन आजच आनून ठेव." आता खांबाला कसलं दळण? दळण माझ्या घरातलं. एकदा म्हणाला, "खांबा, तुझी म्हस लंगडतेय." मी गोठ्यात जाऊन बघितलं तर खुरात बाभळीचा काटा.

हे सुरू झालं त्याला तेरा वर्षं झाली. गावात नवी टाकी बांधली होती. गावकीच्या बैठकीत जोमा उभा राहिला आणि म्हणाला, एक नळ कातकरवाडीलाही द्या. पुढारी म्हणाले, वाडीनं आपल्या पॅनलला मतं दिली नाहीत. जोमा म्हणाला, "तहान काय पॅनल बघून लागते?" झालं. जोमा वाळीत. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नामयताला त्याला बोलवायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत. हात वर करा म्हणाले. मी केला. माझ्या पोराचं लग्न तोंडावर होतं, मांडवात माणसं पाहिजे होती. दुसरं कारण नाही.

त्याच टाकीच्या पाण्यावर आज मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसमधले पोहायचे हौद भरतात. त्यासाठी कोणी हात वर करायला सांगितलं नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून जोमा खांबाशी बोलायला लागला. आपल्यापायी दुसरं कोणी वाळीत पडू नये म्हणून.

गंमत अशी की गावकीचा हुकूम आमच्या समाजापुरता. नाक्यावरचा मारवाडी, बकरी कापणारे इस्माईलचाचा, डोंगरातून रानभाज्या आणणाऱ्या ठाकरणी, पंक्चरवाला भैया, ही सगळी जोमाशी तोंडभरून बोलायची. त्यामुळे गावातल्या सगळ्यात ताज्या बातम्या वाळीत टाकलेल्या माणसाकडे. खुद्द पुढाऱ्यांना खबर हवी असली की ते पाचच्या सुमाराला आमच्या खांबाजवळ विडी ओढत उभे राहायचे. नजर आभाळाकडे, कान जोमाकडे.

माझी बायको सुगंधाही काही कमी नव्हती. ती म्हशीशी बोलायची. "म्हशे, खांबाला सांग गं, करंदीचं कालवण केलंय. वाटी झाकून ठेवलीय." वाटी खांबाच्या बुडाशी. दुसऱ्या दिवशी जोमा ती परत ठेवायचा, पण रिकामी कधी नाही. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी आमसुलं, काहीच नसलं तर मूठभर तांदूळ. एकदा एका फार्महाऊसवाल्यानं खांबापुढची वाटी बघितली, चपला काढल्या आणि हात जोडले. जोमा त्या दिवशी म्हणाला, "खांबा, आता तू देव झालास. नवस घे. पन नळाचा घेऊ नको, तुलाबी वाळीत टाकतील."

त्याचा मुलगा बदलापूरला फ्लॅटमध्ये असतो. ये म्हणतो. जोमा जात नाही. "तिथं जाऊन काय करू रं खांबा? हितं निदान कोन आपल्याशी बोलत नाय ते ठावं हाय. तिथं तेबी कळायचं नाय."

पुढे सरकारनं वाळीत टाकण्यावर कायदा केला. पोलीस येऊन वाचून गेले. गावकी घाबरली, म्हणाली आमच्यात तसलं काही नाहीच. पण रीत अशी आहे की वाळीतून काढायचं तर त्या घरी जाऊन पाणी प्यायचं. ते कोणी गेलं नाही. मग जोमानंही खांब सोडला नाही. सुगंधा मला दर सणाला म्हणायची, "हात तुमी वर केलात, पानी तुमीच प्या." मी म्हणायचो, बघू. बघू बघू करता दिवाळीनंतर तीन दिवसांच्या तापात ती गेली.

मयताला जोमा आला होता. खांबाजवळ उभा राहिला. खांदा द्यायला त्याला कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

तेरावं झालं, पोरं आपापल्या घरी गेली, म्हैस विकली. जोमा पाचला आला. "खांबा, जेवलास का?" मी ओटीवर बसून ऐकलं. उत्तर द्यायची मला सवय नव्हती, ते काम तिचं. चार दिवस त्यानं तेच विचारलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "खांबा, आता उत्तर देनारं कोन नाय. उगा तुला तरास." आणि यायचा बंद झाला.

नंतरचे आठ दिवस कसे गेले ते सांगत नाही. मांजरानं भांडं पाडलं तरी बरं वाटायचं.

नवव्या दिवशी त्याच्याकडे गेलो. चाळीस पावलं असतील. उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो, "जोमा, पानी दे रं."

तो आत गेला, तांब्या घेऊन आला, आणि तांब्यालाच म्हणाला, "सावकाश जा रं. म्हाताऱ्याला ठसका लागंल." मी सगळा तांब्या प्यायलो. निघालो तेव्हा त्यानं फळीवरून एक वाटी काढली. सुगंधाची. कडेला तिचं नाव कोरलेलं. घासून लख्ख केलेली. "वाटे," तो म्हणाला, "काय घालून देऊ ते सुचंना गं." आणि रिकामीच माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी सुकी करंदी आणली. तिच्यासारखं कालवण जमलं नाही, तरी वाटी भरली आणि पाचला खांबाच्या बुडाशी नेऊन ठेवली. म्हैस नव्हती. मग खांबालाच म्हणालो, "खांबा, त्याला सांग, मीठ जास्त झालंय."

पाठीमागून आवाज आला.

"खांबाला काय सांगतोस? मी हितं हाय ना."