कुंपणावरून दिसलेला गोल

त्या पत्राला ओनोफ्रियो मास्तरांनी वेळेवर उत्तर दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण उत्तर द्यायचं म्हणजे आधी काहीतरी ठरवायचं, आणि ठरवणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं. शाळेत लॅटिन शिकवण्यात त्यांची हयात गेली. मरून शतकं लोटलेल्या माणसांशी त्यांचं छान जमायचं. जिवंत माणूस समोर आला की मात्र शब्द घशातच अडकायचे.

पत्र टोरेस्कुराच्या फुटबॉल मंडळाचं होतं आणि खाली अध्यक्ष म्हणून साबातोची सही होती. साबातोचं लोखंडी सामानाचं दुकान मास्तरांच्या बिऱ्हाडाच्या बरोबर खाली होतं. जिन्यातून हाक मारली असती तरी भागलं असतं, पण प्रकरण नाजूक म्हणून त्याने तिकीट लावून टपालाने पाठवलं होतं.

'आदरणीय मास्तर, येत्या रविवारी मोंतेकार्दोविरुद्ध आपला शेवटचा सामना आहे. बरोबरी त्यांना पुरेल, आपल्याला मात्र जिंकावंच लागेल. जिंकलो तर गाव पहिल्यांदाच वरच्या गटात जाईल. तरी आपण सामन्याला येऊ नये, अशी मंडळाची हात जोडून विनंती आहे. त्या दिवशी आपण पोतेन्झाला बहिणीकडे जाऊन यावं. गाडीचं तिकीट मंडळ काढेल.'

"दादा, पोतेन्झाला तुझी कुठली बहीण काढली यांनी?" एर्मेलिंदाने वांगी तळता तळता विचारलं. "मी एकटीच आहे आणि मी ही अशी चुलीपुढे उभी आहे."

"साबातोचा भूगोलही कच्चाच होता," मास्तर पुटपुटले.

मास्तर पनवती आहेत, हे टोरेस्कुरात पोरासोरांनाही माहीत होतं. ते पहिल्यांदा मैदानावर गेले त्या दिवशी कप्तानाचा पाय मोडला. पुन्हा गेले तेव्हा गोलरक्षकाने हातात आलेला चेंडू स्वतःच्याच जाळ्यात टाकला. त्यानंतर गेले तेव्हा वारं नसताना छपराचा पत्रा उडून पाहुण्या पंचाच्या मोटारीवर पडला. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी मास्तर रस्त्याने निघाले, की माणसं खिशातल्या किल्लीला हात लावायची. लोखंडाला हात लावला की बाधा टळते, असं सगळं गाव मानायचं. ज्यांच्या खिशात किल्ली नसायची, ते साबातोकडून खिळा विकत घ्यायचे.

मास्तरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तसा त्यांचा स्वतःवरही विश्वास नव्हता, त्यामुळे गाव म्हणतंय तेच खरं असेल, असं त्यांना अधूनमधून वाटायचं. रविवारी दुपारी ते खिडकीशी पुस्तक उघडून बसायचे आणि मैदानावरून येणारे उसासे ऐकायचे. टोरेस्कुराकडून उसासेच जास्त यायचे. आपल्या माणसांत, आपल्या बाजूच्या बाकावर बसून टोरेस्कुराचा एक गोल बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरा दिसला नसता तरी त्यांनी तक्रार केली नसती.

म्हणून ते उत्तर लिहायला बसले. 'मी येणार' हे त्यांना उद्धट वाटलं. 'मी येणार नाही' हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. 'येण्याचा विचार आहे, परंतु' इथे त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. शेवटी सगळे कागद चुलीत गेले.

उत्तर येईना, तसा साबातोचा धीर सुटला. एका संध्याकाळी तो वर आला आणि एका हाताने दाराची बिजागरी धरून उंबऱ्यातच उभा राहिला.

"मास्तर, पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"मग?"

"विचार करतोय."

"मास्तर, अहो, गावाच्या घशाखाली घास उतरत नाहीये!"

"कुणाच्या?" एर्मेलिंदा आतून म्हणाली. "दुपारी तुझ्याकडून तळलेल्या माशांचा वास येत होता."

"ताई, ते दुःखात खाल्ले." साबातो पुन्हा मास्तरांकडे वळला. "तुम्ही येणार म्हणजे येणारच का?"

मास्तर खाली बघत चष्मा पुसत राहिले. ही त्यांची नेहमीची सवय होती, पण साबातोला त्यात भयंकर निर्धार दिसला. तो बिजागरी कुरवाळत विचार करू लागला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"या! मास्तर, तुम्ही याच! पण आपल्यात नाही, त्यांच्यात बसा. मोंतेकार्दोवाल्यांच्यात!"

"अरे, पण मी टोरेस्कुराचा आहे."

"म्हणून तर! तोफ आपली, पण तोंड त्यांच्याकडे. मी हिरवा मफलर आणून देतो. फक्त ओरडायचं ते मनापासून. तोंडदेखलं ओरडलात तर नशिबाला बरोबर कळतं."

"मला नाही जमायचं ते."

"गावासाठी एवढंही करणार नाही?"

असं कुणी विचारलं की नाही कसं म्हणायचं, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. "बघतो," ते म्हणाले. साबातो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला.

रविवारी ओनोफ्रियो मास्तर गळ्यात हिरवा मफलर घालून पाहुण्यांच्या जागेत जाऊन बसले. ती जागा गोलच्या मागे होती. बाजूला उंच लोखंडी कुंपण आणि कुंपणापलीकडे टोरेस्कुराचं अख्खं गाव. सामना संपेपर्यंत पाहुण्यांमुळे भांडण नको, म्हणून पोलिसांनी फाटकाला बाहेरून कुलूप घातलं होतं.

"या काका, इकडे बसा, उन्हात नको," कोसिमो नावाच्या एका आडव्यातिडव्या माणसाने सरकून जागा करून दिली. त्याने पाव कापला, त्यात मिरचीचं सॉसेज भरलं आणि मास्तरांच्या हातात ठेवलं. घरच्या द्राक्षांच्या दारूचा पेलाही पुढे केला. मास्तरांना भरून आलं. टोरेस्कुरात आजवर त्यांच्यासाठी कुणी सरकलं होतं ते दूर जाण्यासाठी.

सामना सुरू झाला. मास्तरांनी मनापासून ओरडायचा खूप प्रयत्न केला. "हाणा," असं त्यांनी एकदोनदा म्हटलंही, पण ते कोसिमोलाही ऐकू गेलं नाही. हिरवे पुढे सरकले की ते डोळे मिटून घ्यायचे आणि लाल पुढे सरकले की त्यांना अपराधी वाटायचं. तोंडात पाव तर मोंतेकार्दोचा होता. सामना संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता, म्हणजे टोरेस्कुरा बुडालं होतं.

"काका, तुम्हाला आमच्याकडे कधी बघितलं नाही," कोसिमो म्हणाला. "कुठल्या आळीत राहता?"

खोटं बोलायला आयत्या वेळी सुचावं लागतं. मास्तरांना सुचलं नाही. "मी इथलाच," ते म्हणाले.

"इथला? मग तिकडे का नाही बसलात?"

"ते बसू देत नाहीत."

"वयस्क माणसाला? का म्हणून?"

"ते म्हणतात मी पनवती आहे."

कोसिमो खो खो हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं. "आणि इकडे कुणी पाठवलं तुम्हाला?"

"त्यांनीच. मी नाही म्हणणार होतो, पण..."

नेमकी त्याच क्षणी पंचाची शिट्टी वाजली. टोरेस्कुराला पेनल्टी मिळाली होती, तीही याच गोलवर.

"उचला रे या काकांना!" कोसिमो गरजला. "चेंडू मारायच्या आत बाहेर काढा!"

पण फाटकाला कुलूप होतं. मग बाहेर म्हणजे कुंपणावरूनच. हातोहात मास्तर वर गेले. त्यांना उचलणारे फार अदबीने उचलत होते. "सांभाळून हं काका," "चष्मा धरा," असंही म्हणत होते.

कुंपणापलीकडे टोरेस्कुराचं सगळं गाव मैदानाकडे पाठ करून उभं होतं. हा तिथला रिवाजच होता. आपल्याला पेनल्टी मिळाली की बघायचं नाही. एका वर्षी सगळ्यांनी बघितली होती आणि ती चुकली होती. साबातोही पाठ करून, कुंपणाची सळई घट्ट धरून उभा होता. त्याला डोक्यावर एक ओळखीचा बूट दिसला.

"अहो, हे काय! परत घ्या त्यांना!"

"तुमचा माल आहे, तुम्हीच ठेवा!" पलीकडून कोसिमो.

"पाहुण्यांना दिलेली वस्तू आम्ही परत घेत नसतो!"

साबातोने उजवा पाय धरून वर ढकलला, कोसिमोने डावा. दोन्हीकडून माणसं धावली. मोंतेकार्दोचं एकूण एक माणूस मास्तरांना ढकलायला नाहीतर ढकलणाऱ्याला ढकलायला जमलं. मास्तर कुंपणावर दोन्हीकडे पाय टाकून बसल्यासारखे अडकले. तोंड मैदानाकडे होतं आणि पाठ फिरवायला जागा नव्हती. समोर काहीही आड न येता त्यांना सगळं मैदान दिसत होतं.

पेनल्टी घ्यायला फियोरावान्ते आला. डावखुरा, किडकिडीत पोरगा. त्याने बूट मोज्यावर पुसला, धावत आला आणि चेंडूपाशीच घसरला. चेंडू कसाबसा निघाला. गोलरक्षकाने भलतीकडेच झेप घेतली होती. चेंडू खांबावर आदळला, टण्ण! गावाने पाठमोरं राहूनच एक लांब उसासा टाकला. तो उसासा मास्तरांच्या चांगलाच ओळखीचा होता. पण चेंडू परत फिरला, आडव्या पडलेल्या गोलरक्षकाच्या पाठीला लागला आणि रेघेकडे निघाला. आत जावं की नको, अशा संकोचात तो रेघेवर थोडा रेंगाळला. मास्तरांना त्याच्याविषयी फार जिव्हाळा वाटला. मग तो आत गेला.

खेळाडू ओरडले असतील, पण कुंपणावरच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू येणार? कुणी बघतही नव्हतं. सगळं आयुष्य हळू आवाजात बोललेले ओनोफ्रियो मास्तर त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडले, "गोल!"

"कुणाचा?" खालून साबातोने विचारलं. पाय त्याने अजून सोडला नव्हता.

"आपला!"

साबातोने वर हिरव्या मफलरकडे बघितलं. "नीट सांगा मास्तर, कुणाचा?"

"टोरेस्कुराचा रे, गाढवा!"

शाळेत एकदाही न वापरलेला हा शब्द ऐकून साबातोने पाय सोडला. कोसिमोनेही सोडला, पण दुःखाने. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली आणि गाव मैदानात घुसलं. मास्तर वरच राहिले. शेवटी कोसिमोनेच त्यांना उतरवून घेतलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काका, तुमची काही चूक नाही. पाव आवडला ना? बरं झालं. पण परत येऊ नका."

संध्याकाळी चौकात ढोल वाजले. गाव जिंकलं होतं, पण गोल गावात कुणीच बघितला नव्हता. म्हणून मास्तरांना बोलावलं. कारंज्याच्या कडेला त्यांना उभं केलं आणि बेताचं अंतर राखून, खिशातल्या किल्ल्या धरून, गावाने भोवती कडं केलं. मास्तरांनी घसरलेला पाय सांगितला, खांब सांगितला, पाठ सांगितली. रेघेवरचा संकोच सांगताना तर त्यांची वाणी अशी खुलली की वर्गात कधी खुलली नव्हती. "पुन्हा सांगा!" लोक ओरडले. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्या भरात त्यांना धीर आला.

"साबातो, मग पुढच्या हंगामात मी... आपल्या बाजूला बसू का?"

"आपल्या बाजूला?" साबातोचा चेहरा पांढरा पडला. "मास्तर, शुद्धीवर आहात ना? इतकी हमखास लागू पडलेली युक्ती कुणी सोडतं का? मंडळाने ठरवलंय. वरच्या गटात प्रत्येक सामन्याला तुम्ही पाहुण्यांच्यात. प्रत्येक संघाच्या रंगाचा मफलर विणायला टाकलाय!"

गावाने टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "बघतो."

उन्हाळा सरला आणि मफलरांचं गाठोडं आलं. पिवळे, निळे, जांभळे. एर्मेलिंदाने त्यांत डांबराच्या गोळ्या घालून ते कपाटात रचले. "आपल्या लाल रंगाचा एकही नाही दिला मेल्यांनी," ती म्हणाली. मास्तरांनी कपाटाचं दार लावून घेतलं. एक गोल दिसला होता, पण आपल्या माणसांतली जागा आता उरलेल्या आयुष्यात मिळायची नव्हती. पनवती म्हणून ते बाहेर होते तेव्हा निदान आशा तरी होती. आता ते गावाच्या उपयोगाचे झाले होते.

हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी शब्दकोश उघडताना त्यातून साबातोचं ते जुनं पत्र खाली पडलं. मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग टेबलाशी बसले आणि एकही शब्द न खोडता लिहिलं:

'आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. मी सामन्याला येऊ नये, ही मंडळाची विनंती मला मान्य आहे. यापुढे कुठल्याही सामन्याला, कुठल्याही बाजूला मी येणार नाही. पोतेन्झाच्या तिकिटाची वाट पाहत आहे.'

"दुकान खालीच तर आहे," एर्मेलिंदा म्हणाली. "मी देऊन येते."

"नको. टपालानेच जाऊ दे."

दुकानावर साबातो मंडळाचा झेंडा लावत होता. "मास्तर, रविवारी पिवळा बरं का!" तो ओरडला आणि सवयीने हातोडीला हात लावला.

मास्तर मान लववून पुढे गेले. टपालपेटीपाशी थांबून त्यांनी पत्र आत टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. मग इकडेतिकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी पेटीच्या लोखंडाला हळूच हात लावला.