अपात्र यंत्रावर दुरुस्त केलेलं पान

माणूस म्हातारा झाला की ते त्याला कुणी सांगावं लागत नाही, गुडघे सांगतात. यंत्राचं तसं नाही. यंत्र म्हातारं झालं हे कंपनीला सांगावं लागतं, कारण यंत्राला स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. ते बापडं चालत राहतं. अशा यंत्रांना वेळीच भानावर आणण्याचं लोकहिताचं काम काही कंपन्या पदरमोड करून करत असतात (पदर गिऱ्हाइकाचा).

वेलांटीकाकांचा लॅपटॉप असाच गैरसमजात होता. काका एका छापखान्यात मुद्रितं तपासत. म्हणजे मजकूर छापून लोकांच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. पण दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व दिसली की त्यांच्या पोटात कळ येई, त्यामुळे बाकी सगळीकडे हेच नाव चाले. लॅपटॉपचं वय अकरा वर्षं. बिजागरीला रबरबँड. पंखा सुरू झाला की समोरच्या टेबलावरची माणसं आपोआप मोठ्यानं बोलू लागत. घरी बायको त्याला खटारा म्हणे. सकाळी बटण दाबलं की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत तो सुरू होई, आणि काकांना चहा तसाही लागतच असे.

तर छापखान्याला एक मोठं काम मिळालं. एका कंपनीची ‘भरारी’ नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम येऊ घातली होती. आपला लॅपटॉप तिचा भार पेलेल की नाही, हे लोकांना घरबसल्या तपासता यावं म्हणून कंपनीनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं: ‘आपले यंत्र सज्ज आहे का?’ पानं अठ्ठेचाळीस, प्रती चाळीस हजार. शेवटच्या पानावर एक चौकोन: ‘मी ही पुस्तिका संपूर्ण वाचली आहे व मला ती मान्य आहे.’ तिथं खूण करून पान फाडून पाठवायचं, मग भरारी मिळणार.

काकांनी पहिल्याच दिवशी दोनशे बारा चुका काढल्या. वेलांट्या सत्त्याण्णव, उकार चौसष्ट, अनुस्वार पन्नास, आणि एक चूक यापैकी कशातच बसेना. ती पान एकोणीसवर होती. ‘भरारी चढवण्यापूर्वी आपले सर्व फोटो व कागदपत्रे पुसून ठेवावीत.’

काका पान घेऊन मालकीणबाईंच्या केबिनमध्ये गेले.

“मालकीणबाई, इथं ‘उतरवून’ हवं. दुसरीकडे उतरवून ठेवावीत. हे असंच छापलं, तर चाळीस हजार घरांतले लोक आपल्या हातानं आपले फोटो पुसतील.”

“मग करा की दुरुस्त, काका. तुम्हाला दुसरं काम काय आहे?”

काका दुरुस्त करणारच होते. पण पुढची पानं चाळताना ते एकतिसाव्यावर अडकले. तिथं नियम होता: ‘ही पुस्तिका तयार करण्याच्या कोणत्याही टप्प्यावर अपात्र यंत्राचा वापर झाल्यास पुस्तिकाच अपात्र समजली जाईल.’ दुसऱ्या कुणी हा नियम वाचला नसता, आणि वाचला असता तरी पान उलटलं असतं. काकांनी आपल्या लॅपटॉपविरुद्ध स्वतःच कंपनीला कळवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची तपासनीस आली. तरतरीत, हसतमुख मुलगी. तिनं खटाऱ्याला एक पेनड्राइव्हची काडी जोडली, पाऊण तास वाट पाहिली आणि अहवाल भरला तो असा:

सुरक्षेची चिप: नाही.
स्मरणशक्ती: अपुरी (यंत्राची).
बिजागरी: रबरबँड. हा पर्याय यादीत नसल्याने ‘लवचिक’ असे नोंदवले.
पंखा: आहे. लिफ्टपर्यंत ऐकू येतो.
निष्कर्ष: अपात्र.

“पण हा चालतो की हो, ताई,” काका म्हणाले.

“काका, चालणं हा निकष नाही,” ती समजुतीनं म्हणाली. “बंद पडेपर्यंत सगळेच चालतात.”

काकांनी ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. वाक्यात व्याकरणाची चूकही नव्हती.

कंपनीनं काकांना नवाकोरा लॅपटॉप दिला, आत भरारी घालून. तो इतका पातळ होता की पहिल्या दिवशी दोघांनी त्यावर फायली ठेवल्या. तो चेहरा ओळखून उघडे. चष्मा घातला की तो काकांना ओळखत नसे. चष्मा काढला की ओळखे, पण मग काकांना तो दिसत नसे. यावर काकांनी तोडगा काढला: चष्मा कपाळावर चढवायचा, उघडला रे उघडला की पटकन नाकावर घ्यायचा. वेलांट्या, उकार, अनुस्वार दोन दिवसांत मार्गी लागले. मग काका पान एकोणीसवर आले, ‘पुसून’ खोडलं आणि ‘उतरवून’ लिहिलं.

भरारीनं ते पुन्हा ‘पुसून’ केलं. खाली नम्र सूचना आली: ‘मान्य शब्दसूचीनुसार सुधारणा केली आहे.’

असं सात वेळा झालं. आठव्यांदा भरारीनं विचारलं, ‘आपल्याला लेखनात मदत हवी आहे का?’ काकांनी तपासनीस मुलीला फोन लावला.

“शब्दसूची माझ्या हातात नाही हो, काका. चूक कळवायचा वेगळा अर्ज असतो.”

“मग तो पाठवा.”

“तो भरारी बाजारात आली की मिळेल.”

छापखान्यात दुसरं यंत्र होतं, पण कंपनीनं गेल्याच आठवड्यात सदिच्छा म्हणून त्यावरही भरारी चढवली होती. छपाई उद्या दुपारी. काका हातपाय गाळून घरी आले आणि जेवताना सगळं बायकोला सांगितलं.

“अहो, मग त्या खटाऱ्यावर करा ना दुरुस्त.”

“पान एकतीस.”

“चुलीत घाला ते पान एकतीस! माझ्या आईचा एकुलता एक फोटो त्या खटाऱ्यात आहे. असा कुणाकुणाच्या आईचा असेल. चाळीस हजार घरं म्हणजे काय थोडी झाली? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्यात, आता एक स्वतःच्या नावावर केलीत तर काय आभाळ कोसळणार आहे?”

काकांनी पानातला घास तसाच ठेवला. तीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हेही त्यांना नीट माहीत नव्हतं. बायकोनं खटाऱ्याचं बटण दाबलं आणि चहा टाकला. चहा संपला तेव्हा खटारा सुरू झाला, आणि ‘उतरवून’ लिहिलं ते ‘उतरवून’च राहिलं. मग काकांनी त्या पानाचं चित्र करून घेतलं. चित्रातली अक्षरं भरारीला वाचता येत नाहीत. तिला ते एखाद्या डोंगराचं दृश्य वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दृश्य पान एकोणीसवर बिनबोभाट छापलं गेलं.

काका ते काका. त्यांनी लगेच कंपनीला लेखी कबुली पाठवली: ‘पान एकोणीस अपात्र यंत्रावर दुरुस्त केले आहे. होईल ती कारवाई मान्य.’ उत्तर तीन सेकंदांत आलं: ‘आपले निवेदन काळजीपूर्वक वाचले. असाच लोभ असावा.’

पुस्तिका घरोघर गेल्या. एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव लोकांनी खूण केलेलं पान परत पाठवलं. त्यातली एकतीस हजार तर पुस्तिका वाटल्या त्याच दिवशी निघाली होती. वाचनसंस्कृती लयाला चालली आहे म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे जरूर पाहावं.

चाळीस हजाराव्या प्रतीचं पान आलं, पण चौकोन कोरा. सोबत एका निवृत्त परिचारिकेचं पत्र होतं. कंपनीनं ते ‘छपाईविषयक’ म्हणून छापखान्याकडे ढकललं. ‘तीन दिवस पुस्तिका वाचली. पान एकोणीसप्रमाणे सगळे फोटो आधी उतरवून घेतले, फार उपयोग झाला. मात्र पान बाविसावर, खालून चौथ्या ओळीत ‘स्थिति’ असे छापले आहे. तिथे दुसरी वेलांटी हवी. ती दुरुस्त होईपर्यंत मला पुस्तिका मान्य असल्याची खूण करता येणार नाही. क्षमस्व.’

काकांनी पत्र उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. त्यांचे कान लाल झाले. पोटात कळ आली ती आलीच, पण तिच्या पाठोपाठ हसू आलं, आणि ते पंख्याच्या वरताण लिफ्टपर्यंत ऐकू गेलं. मालकीणबाई धावत बाहेर आल्या.

“काय झालं, काका?”

“अहो, कुणीतरी वाचलं!”

त्यांनी तिथल्या तिथे हातानं उत्तर लिहिलं: ‘आपले म्हणणे बरोबर आहे. चूक माझी.’ आता छापखान्यातल्या प्रत्येक पुस्तकाचं दुसरं वाचन त्या परिचारिकाबाई करतात. घरूनच. त्यांचा लॅपटॉप तेरा वर्षांचा आहे, असं कळतं.

कंपनीच्या नोंदीत त्या बाईंच्या नावापुढे ‘प्रतिसाद अपूर्ण’ असा शेरा आहे. बाकीचे आपण सगळे पूर्ण. गेल्या वर्षभरात ‘मी वरील सर्व वाचले आहे’ याच्यापुढे तुम्हीही खुणा केल्याच असतील. त्यातल्या कुठल्याही एकीतली एक अट सांगा पाहू. कुठलीही चालेल. वेलांटी चुकली तरी चालेल.