अप्पांना पट्टी पसंत पडेना

आम्ही जुळे सोलापुरातल्या या घरात राहायला आलो, त्या दिवशी शेजारचे अप्पा ओळख करून घ्यायला आले. माझ्या बायकोनं, सुनीतानं, पाणी पुढं केलं. त्यांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत. पेला खिडकीत ठेवला, शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, आमच्या नव्याकोऱ्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला उभी लावली आणि एक डोळा मिटून खाली वाकले.

"हितं पोट आलंय," ते म्हणाले. "अर्धा मिलिमीटर. वापराया हरकत न्हाय."

मग पाणी प्यायले.

सुनीता त्यानंतर पंधरा दिवस त्या कडेला जेवायला बसली नाही. मला मात्र माणूस आवडला. इतक्या चांगल्या मनानं कुणी आमच्या सामानाचा अपमान केला नव्हता.

अप्पांचं नाव शिवशरणप्पा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, तपासणी खात्यात. "बाकीचे माल बनवायचे, मी नापास करायचो," असं ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा पोटभर जेवलेल्या माणसासारखा दिसतो. निवृत्त झाले तरी पट्टी खिशातून गेली नाही. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पोस्टमनच्या सायकलचं हँडल, दाढी करून आलो की माझ्या मिशा, सगळ्यांवर त्यांची नजर फिरते. पण नजरेवर त्यांचा स्वतःचा विश्वास नाही. "नजरंला काय कळतंय सर? पट्टी लावा." मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मी सर.

एकदा कुंभारीला लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता पडायला पाच मिनिटं होती. अप्पा नवरीच्या बापाजवळ गेले आणि म्हणाले, मांडवाचा डावीकडचा खांब दोन अंश कललाय. तो बिचारा त्या वेळी घामानं भिजलेला, हात जोडून म्हणाला, "अप्पा, आज ऱ्हाऊ द्या की." लग्न झालं, जेवणं झाली, मांडव जागचा हलला नाही. परतीच्या रिक्षात अप्पा एवढंच म्हणाले, "पडला न्हाय, हे बरं झालं. पण कललेला होता."

अप्पांच्या घरात दोनच माणसं. ते आणि त्यांची बायको, महादेवी अक्का. आम्ही यायच्या काही महिने आधी अक्कांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्या चाकाच्या खुर्चीत पडवीत बसलेल्या असायच्या. मी नमस्कार केला की डावा हात कपाळाशी न्यायच्या आणि अर्ध्या ओठांनी हसायच्या. बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी पुस्तकं अकरा खोक्यांत होती आणि ती खोकी हॉलमध्ये. अप्पांनी ती पाहिली आणि म्हणाले, "पुस्तकं ठेवाया लाकडी मांडणी मी करून देतो. अंगणात पत्रा हाय, कटर मशीन घेतलंय, प्लाय आणू. फकस्त एक पट्टी येऊ द्या."

कुठली पट्टी, ते मला त्यांनी नीट समजावलं. कटर हातात धरून प्लायवर चालवलं तर ते दारू प्यायल्यासारखं भरकटतं. म्हणून प्लायवर आडवी एक सरळ पट्टी घट्ट बसवायची आणि कटर तिला चिकटवून ढकलायचं. आपले सुतार काय करतात, एक बरी फळी घेतात आणि दोन खिळे ठोकतात. काहीजण फळीला दोन टोकांना शिकंजे लावतात. पण आता अशी ॲल्युमिनियमची पट्टी मिळते की तिच्या दोन्ही टोकांना जबडे तिचेच असतात. एक जबडा जागेवर, दुसरा सरकता. लाकडाच्या कडांना ते भिडवायचे, खालचा खटका दाबायचा, पट्टी पक्की. खिळा नको, वेगळा शिकंजा नको.

"मग घेऊन या की," मी म्हणालो.

"घ्यायची तर बघून घ्यायची," अप्पा म्हणाले.

ते बघणं आठ महिने चाललं.

बाजारात रफीकभाईंचं हार्डवेअरचं दुकान आहे. भला माणूस. त्यांनी अप्पांना मुभा दिली होती, पट्टी घरी न्या, एक दिवस वापरून बघा, नाही आवडली तर आणून द्या. अप्पा पट्टी घरी आणत. अक्कांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी ठेवत, तिच्यावर कागद, कागदावर पट्टी. बारीक पेन्सिलीनं पट्टीच्या कडेनं रेघ मारत. मग तीच पट्टी उलटी फिरवून त्याच रेघेवर दुसरी रेघ मारत. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर पट्टी सरळ, मधे फट पडली तर वाकडी. ही युक्ती मी नंतर आमच्या इतिहास विभागातल्या फूटपट्ट्यांवर करून पाहिली. पाचातल्या तीन नापास झाल्या.

पहिल्या पट्टीचे जबडे घसरतात म्हणाले. दुसरीच्या रेघा खरोखरच जुळल्या नाहीत, ते मीही पाहिलं. तिसरी घेऊन आले तेव्हा मला आशा वाटली होती, पण तिच्या जबड्यांना रबर नाही, लाकडावर वळ उठतील, असा निकाल लागला. पुढं एकीचा खटका इतका वर आला होता की कटरची मोटर त्याला धडकेल. पाचवी दोन तुकडे जोडून आठ फुटांची होत होती. तिच्या सांध्याकडे अप्पांनी असं पाहिलं, जसं सासू सुनेच्या फाटक्या पदराकडे पाहते. सहावी मधोमध दाबली की लवते म्हणाले.

सातवीच्या वेळी मी विचारलं, "हिला काय झालं?"

"रंग लई भडक हाय. डोळ्याला तिरीप येती."

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पण ती चुकीच्या दिशेनं आली. मला वाटलं, या माणसाला निवड करताच येत नाही. बत्तीस वर्षं नापास करून हाताला तेच वळण लागलंय. इकडं सुनीतानं खोक्यांवर चादर टाकून त्यांचं बाक केलं होतं. पाहुणे त्यावर बसत, आणि मला संदर्भाला पुस्तक हवं असलं की पाहुण्यांना उठवावं लागे.

शेवटी एका दुपारी मी स्वतःच रफीकभाईंकडे गेलो. म्हणालो, अप्पांना त्यातल्या त्यात कुठली आवडली होती?

"तिसरी वाली," रफीकभाई म्हणाले. "उसकू लेके आधा घंटा चुप बैठे थे. बोल्या मै, अप्पा, इत्ते बार तो मै लडकी देखने कू बी नै गया." त्यांनी खोकं काढून पुसलं. "ले जाव सर. तुमारे हात से तो भी कबूल होती क्या देखो."

चारच्या सुमाराला मी ते लांबलचक खोकं घेऊन अप्पांच्या पडवीत शिरलो. अक्का खुर्चीत होत्या. अप्पा शेजारी स्टुलावर, मांडीवर मोबाईल, चष्मा नाकावर खाली. मला पाहून वाचायचं थांबले.

"अप्पा, ही माझ्याकडून भेट," मी म्हणालो. "आता कारण नको. उद्या प्लाय आणू."

त्यांनी खोकं उघडलं. पट्टीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक डोळा मिटला नाही, रेघ मारली नाही.

"छान हाय," ते म्हणाले.

आठ महिन्यांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि म्हणताना त्यांचा चेहरा साफ उतरला होता. ते उठले, पट्टी अक्कांच्या मांडीवर ठेवली, रिकामं खोकं माझ्या हातात दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला फाटकापर्यंत घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, ही परत देता येईल का?"

मला राग आला. "का? कुठं वाकडी आहे?"

"वाकडी न्हाय. तीच अडचण हाय."

मग त्यांनी सांगितलं. फाटकाच्या गजाशी चाळा करत, माझ्याकडे न बघता.

"झटका आल्यावर ही पाच महिने बोलली न्हाय. डॉक्टर म्हणाले, बोलत ऱ्हावा, तिला बोलतं करा. आता मी काय बोलणार? चाळीस वर्षांचा संसार, त्यात मी 'डबा दे' आणि 'येतो' एवढंच बोललो असंन. एक दिवस मोबाईलवर ह्या पट्ट्या बघत होतो, तेच मोठ्यानं वाचाया लागलो. लांबी किती, जबडा किती उघडतो, जाडी किती. चार दिवस वाचलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, 'साकु.'"

"साकु म्हणजे?"

"कन्नडात पुरे. कटाळली हुती बिचारी." अप्पा थोडं हसले. "पाच महिन्यांनी पयला शब्द, सर. मी मोबाईल खाली ठिवला. मग परत उचलला आणि म्होरचं पान वाचाया घेतलं. एका शब्दावर थांबलो तर दुसरा कवा यायचा?"

मी वळून पडवीकडं पाहिलं.

"मग 'नको' आलं. दुसरी पट्टी आणली तवा 'वाकडं' आलं. परवा तर म्हणाली, 'जबडा बारका हाय.' तीन शब्द, सलग. तुमच्यासमोर लाजती, अडकतंय म्हणून. पण दुपारी आमी दोघं असलो की भांडती पट्टीवरनं." त्यांनी गज सोडला. "नोकरीत एक खोटा शेरा मारला न्हाय मी. हितं सातातल्या सहा चांगल्या पट्ट्या नापास केल्या. आता ही घरात आली. उद्या दुपारी मी तिच्याशी काय बोलू, तुमीच सांगा."

माझ्या हातात रिकामं खोकं होतं. ते कुठं ठेवावं, मला कळेना. परत नेतो म्हणणार, तेवढ्यात पडवीतून ठकठक आवाज आला. अक्का डाव्या हातानं खुर्चीचा हात वाजवत होत्या.

आम्ही गेलो. पट्टी त्यांच्या मांडीवर आडवी होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि बोलायला सुरुवात केली. प्रत्येक शब्द कुठून तरी लांबून आणावा लागत होता. पण माझ्यासमोर बोलल्या.

"मला... कळतंय," त्या म्हणाल्या. "पट्टी... चांगली हाय. पयली बी... चांगली हुती."

"मग नको का म्हणलीस?" अप्पांनी विचारलं.

अक्का थांबल्या. शब्द सापडेना तशी त्यांची बोटं पट्टीवर हलत राहिली. अप्पांनी तोंडात शब्द घातला नाही. वाट पाहिली.

"तुमी... गप बसत हुता. रिटायर झाल्यावर. दिसभर... भिंतीकडं बघत." मोठा श्वास घेतला. "पट्टी आली... तवा बोलाया लागला. बाजारात जाया लागला. म्हणून मी बी... नको म्हणले."

अप्पा स्टुलावर बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी दुसरीकडं बघत उभा होतो. जावं की थांबावं, ठरत नव्हतं.

"दुसरी मातर," अक्का म्हणाल्या, "खरंच... वाकडी हुती."

"व्हय," अप्पा म्हणाले. "दुसरी वाकडीच हुती."

आणि दोघं हसले. अक्का अर्ध्या ओठांनी, अप्पा खोकल्यासारखे. पट्टी मी परत नेली नाही.

पुढच्या रविवारी प्लाय आली. फळ्यांची मापं किती घ्यायची, यावर त्यांचं आठवडाभर चाललं होतं. पुस्तकं वेगवेगळ्या उंचीची, मग कप्पे सारखे का, हा अक्कांचा मुद्दा. अप्पांनी तो मान्य केला आणि माझ्याकडून अकराही खोक्यांतल्या पुस्तकांची उंची मोजून मागितली. मी आणि सुनीतानं दोन संध्याकाळी तेच केलं. सुनीता म्हणाली, लग्नानंतर आपण एकत्र केलेलं हे पहिलंच काम.

पहिली फळी कापायची होती तेव्हा मी अंगणात गेलो. पत्र्याखाली दोन स्टुलांवर प्लाय आडवी ठेवलेली. अक्कांची खुर्ची तिच्या अगदी जवळ आणलेली. अप्पांनी पट्टी रेघेपासून मोजून ठेवली, जबडे कडांना भिडवले. आता फक्त खटका दाबायचा होता. त्यांनी तो दाबला नाही. खाली वाकून त्यांनी अक्कांचा उजवा हात उचलला, तोच लुळा हात, आणि बोटं एकेक करून खटक्याभोवती ठेवली. मग स्वतःचा हात काढून घेतला.

"दाब," ते म्हणाले. "घाई न्हाय."

अक्कांचं मनगट थरथरलं. खटका जरा हलला आणि परत वर आला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा जोर लावला. कटरची वायर भिंतीतल्या बटणाला लावलेलीसुद्धा नव्हती. अप्पा फळीच्या पलीकडं दोन्ही हात मागं बांधून उभे होते. एक सेकंदाचं काम. बाहेर रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर वळून नाहीसा झाला, तरी ते तसेच उभे. मी पायरीवर बसलो.

खट्ट असा आवाज आला.

"लागला," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी मान डोलावली आणि वायर लावायला गेले. अजून तेरा फळ्या कापायच्या होत्या. मला काही घाई नव्हती.