सगळ्यात पुढे असेल तो आपला

सायकल शर्यती बघायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माझा सल्ला जरूर घ्यावा. एका आठवड्यात मी त्यातला जाणकार झालो आणि त्याच आठवड्यात माझं वाटोळंही झालं, म्हणजे सल्ला अनुभवाचा आहे.

आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा कारखाना. माल रवाना करणाऱ्या खात्याचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची माझीच, यात निदान मला तरी शंका नव्हती. ट्रक उशिरा आला की ड्रायव्हरशी भांडायचं मी, खोकी ओली निघाली की गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या मी. शेजारच्या टेबलावरचा लोण्या तेवढ्या वेळात केस नीट करायचा. लोण्या हे नाव आम्हीच ठेवलेलं, त्याच्या बोलण्यावरून. पण ती खुर्ची कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या आमच्या मॅडमना सायकल शर्यतींचं भारी वेड आणि लोण्या त्यांच्यासोबत शर्यत बघत बसतो, हे मला कळलं. मीही बसायचं ठरवलं.

मेहुणा सायकलवाला. त्याला गाठलं.

"भावोजी, आधी एक संघ निवडा," तो म्हणाला. "मग त्या संघाचा प्रमुख कोण ते बघा. बाकीचे जे असतात ना..."

"बाकीच्यांशी काय करायचंय? सगळ्यात पुढे असेल तो आपला."

"अहो, तसं नसतं ते."

"शर्यत आहे ना? मग तसंच असतं."

मला शिकवायला निघाला होता! स्वतः आजवर एकही शर्यत जिंकलेला नाही.

शनिवारी काम संपल्यावर मीटिंगच्या खोलीत पडद्यावर शर्यत लागली. माझा गडी मला लगेच सापडला. लाल शर्टातला दाढीवाला. चढ आला, हाच पुढे. समोरून वारा सुटला, तरी हाच पुढे. मागे तसल्याच लाल शर्टातला एक गुळगुळीत इसम त्याच्या चाकाला चिकटून आरामात येत होता.

"दाढीवाला जिंकणार," मी जाहीर केलं. लोण्या गालातल्या गालात हसला.

शेवटचं वळण आलं आणि दाढीवाला चक्क बाजूला झाला. मागचा गुळगुळीत सुसाट सुटला आणि जिंकला!

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली. मॅडमचा चहा कलंडून त्यांच्या कागदांवर सांडला. लोण्या रुमाल काढून तत्परतेने पुसायला लागला.

"दिवसभर वारा ह्याने अंगावर घ्यायचा आणि हार त्याच्या गळ्यात?" मी ओरडलो. "बाद करा त्या मागच्याला!"

"अहो, दोघं एकाच संघाचे," लोण्या म्हणाला. "पुढच्याने वारा अडवायचा, म्हणजे मागच्या प्रमुखाची ताकद शिल्लक राहते. त्याचं कामच ते."

"मग तर जास्तच वाईट! परक्याने लुटलं असतं तर एक वेळ समजलो असतो."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "जिंकणाऱ्याकडे सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "त्या दाढीवाल्याची एवढी कदर करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

मी हवेत तरंगत घरी गेलो. खुर्ची मिळाल्यातच जमा आहे, असं बायकोला सांगूनही टाकलं.

सोमवारी जाहीर झालं. प्रमुख, लोण्या!

मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो. "मॅडम, काम सगळं मी करतो."

"म्हणूनच तर," त्या प्रेमाने म्हणाल्या. "मोठ्या गिऱ्हाइकांपुढे बोलायला तेच बरे. पण त्यांच्यापुढे राहून वारा अडवणारा माणूस हवा, आणि त्या कामाची किंमत तुमच्याइतकी कुणाला कळते?"

वर माझ्याशी हातही मिळवला.

घरी येऊन मी बॅग भिरकावली. झालं ते सगळं सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. तीही तापली.

"मग राजीनामा तोंडावर फेकून आलात ना?"

"फेकणारच होतो," मी म्हणालो. "पण उद्या सकाळी मोठी ऑर्डर निघायची आहे आणि लोण्याला अजून ट्रकवाल्याचा फोन नंबरसुद्धा माहीत नाही. एकट्याला झेपणार आहे का ते त्याला?"