इंजिनिअरची रेस्क्यू डिस्क

"दहा मिनिटांचं काम," इंजिनिअर म्हणाला. "घरी जातो, रेस्क्यू डिस्क बनवून आणतो. तुझा कॉम्प्युटर उठून बसतो की नाही बघ."

फोटोवाल्याला हायसं वाटलं. इंजिनिअर हे त्याच्या या मित्राचं नुसतं टोपणनाव. गृहस्थाचा उभा जन्म आवक-जावक विभागात शिक्के मारण्यात गेला होता. त्याने दुरुस्त केलेला मिक्सर पुन्हा फिरला नव्हता आणि त्याने हात लावलेली दारावरची बेल तीन दिवस थांबली नव्हती. असा माणूस मदतीला धावला म्हणजे कॉम्प्युटर चार वाजेपर्यंत सुरू होत नाही, एवढी खात्री. आणि फोटोवाल्याला नेमकं तेच हवं होतं.

त्याचं असं झालं होतं. रविवारी आत्याबाई नावाच्या वयस्क गिऱ्हाइकाच्या घरचे एकेचाळीस जण बारा वर्षांनी एकत्र आले. फोटोवाल्याने सगळ्यांना हॉलमध्ये तीन रांगांत उभं केलं, "हसा" म्हणाला, आणि कॅमेऱ्याचा नेम धरला तो मागच्या पडद्यावर. पडद्यावरचं फूल न् फूल मोजून घ्यावं असं आलं. माणसं मात्र वाफेत उभी असल्यासारखी. बावीस वर्षं कमावलेलं नाव एका फोटोत मातीत जायची वेळ आली. आत्याबाई आज चारच्या गाडीने परत जाणार होत्या. तोवर कसंतरी निभवायचं, म्हणून त्याने सकाळीच कॉम्प्युटरमधल्या ज्या ज्या फाइल्सची नावं कळत नव्हती त्या पुसून टाकून तो बंद पाडला. फोटो पुसायचा मात्र धीर झाला नाही. शेवटी मेहनत होती.

तीन वाजता आत्याबाई बॅग घेऊन दुकानात हजर.

"कॉम्प्युटर बिघडलाय हो," फोटोवाला तोंड पाडून म्हणाला. "तुम्ही निघा, मी फोटो पाठवून देतो."

"गाडी चारची आहे. मी बसते."

त्या बसल्या. साडेतीनला इंजिनिअर घामाघूम होऊन आला, हातात डिस्क.

"पहिल्या तीन वाया गेल्या," तो म्हणाला.

फोटोवाल्याचा चेहरा खुलला.

"मग सूनबाईला म्हटलं, बाई, तूच बघ. चौथी तिनं करून दिली. तिच्या ऑफिसात रोज हेच करतात."

फोटोवाला कॉम्प्युटरच्या आड उभा राहिला. "राहू दे रे. उगाच आणखी काही बिघडायचं."

"आता आणखी काय बिघडणार?"

फोटोवाल्याने डिस्कचा ट्रे अडकतो म्हणून सांगून पाहिलं, तर इंजिनिअरने एक चापट मारली आणि ट्रे सुरळीत बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या चापटीने काही चाललं होतं! स्वतः इंजिनिअरही क्षणभर चक्रावला. मग डिस्क घुर्र घुर्र फिरली, स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावल्या, आणि कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला.

"कुठंयत यांचे फोटो? हा बघ, 'रविवार'," म्हणत त्याने आपल्याच हाताने फोटो उघडलासुद्धा.

एकेचाळीस धुरकट चेहरे. इंजिनिअरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच फोटोवाल्याने त्याच्या पायावर पाय दिला. आत्याबाई उठल्या, चष्मा पुसून स्क्रीनजवळ गेल्या. फोटोवाल्याने डोळे मिटून घेतले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "सत्त्याहत्तर वर्षांची आहे मी, आणि एक सुरकुती नाही. धाकट्या जावेचंसुद्धा तोंड गोड आलंय. नाहीतर हल्लीचे फोटोवाले, रेघ न् रेघ मोजून काढतात मेले."

फोटोवाल्याने एक डोळा उघडला. जीव भांड्यात पडत होता.

"एकेचाळीस प्रती काढा, घरटी नाही, माणशी एक," बॅग उचलत आत्याबाई म्हणाल्या. "आणि खाली तुमच्या दुकानाचं नाव चांगलं ठळक छापा. लोकांना कळायला नको का, फोटो कोणी काढलाय ते?"