पॅनल वर सरकवताना

माझं म्हणणं एवढंच होतं, की घड्याळ जरा वर असावं.

यात काही गैर आहे का, तुम्हीच सांगा. उरुग्वायमधल्या आमच्या पायसांदू शहराच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदवहीवर मान खाली घालून बसण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली. (घरीही मान खालीच असते, पण त्याची कुठे नोंद होत नाही.) शेवटी मार्चमध्ये मान आखडली ती आखडलीच. डॉक्टर म्हणाले, "सेन्योर एबेर, चार दिवस रजा घ्या. ही गोळी दुपारच्या जेवणानंतर. आणि मुख्य म्हणजे, खाली बघायचं नाही."

माझी बायको निबिया शाळेत शिकवते. त्याच आठवड्यात, गुरुवारी चार वाजता, तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तोंडी परीक्षा होती. परीक्षक राजधानीत बसणार आणि ही आमच्या जेवणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर. या जागेसाठी ती अकरा वर्षं थांबली होती. त्यामुळे गुरुवारी सकाळी तिने मला सोफ्यावर आडवं केलं, मानेखाली उशी खुपसली आणि म्हणाली, "एबेर, तू आज फक्त पडून राहा. मला तुझी मदत नकोय. कशातच नकोय. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"मदत नकोय."

"शाबास."

मी खरोखर पडून राहिलो असतो हो! मला तेवढंच तर हवं होतं. पण अडीचच्या सुमाराला निबिया केस धुवायला गेली आणि, मनगटी घड्याळ उशीखाली कुठेतरी दबलेलं म्हणून, मी किती वाजले ते बघायला कॉम्प्युटरकडे गेलो. घड्याळ कुठे? पडद्याच्या खालच्या काठाला. आणि डॉक्टर काय म्हणाले होते? खाली बघायचं नाही.

हा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. ऑफिसातल्या वाल्देमारने गेल्या हिवाळ्यात त्यावर लिनक्स चढवलं. काही लोक रस्त्यावरची कुत्री घरी आणतात, तसं वाल्देमारला म्हातारा कॉम्प्युटर दिसला की राहवत नाही. त्यात जो डेस्कटॉप असतो त्याचं नाव 'माते'. ते ऐकून मी निर्धास्त झालो होतो. जो पाल्याचा कडू चहा आपण थर्मॉस बगलेत मारून दिवसभर नळीने ओढतो, त्याच्याच नावाचं हे. ते आपलं काय वाईट करणार? तर या 'माते'ला खालच्या काठाशी एक पट्टी असते, तिला पॅनल म्हणतात. मेनू, इंटरनेट उघडायचं चित्र, घड्याळ, सगळा संसार त्या पट्टीवर. मी ठरवलं, ही पट्टी वर घ्यायची. दोन मिनिटांचं काम. मानेला आराम, निबियालाही बरं.

"कशालाही हात लावायच्या आधी पडद्याचा फोटो काढून ठेव," असं वाल्देमारने बजावलं होतं. मी कीबोर्डवरचं बटण दाबून काढला. तेव्हा दोन चाळीस झाले होते. (त्या दिवशी मी केलेली एवढीच शहाणपणाची गोष्ट, आणि तीच मला भोवली.)

पट्टीवर उजवं बटण दाबलं. यादी आली. त्यात 'वर घ्या' असं कुठेच नव्हतं, पण 'नवं पॅनल' असं होतं. ते दाबल्यावर वरच्या काठाला एक कोरी करकरीत पट्टी उगवली. मी म्हटलं, झालं! आता खालची काढली की तिच्यावरचं सगळं आपोआप वर जाईल. भाडेकरू नाही का, एक घर सुटलं की सामान घेऊन दुसऱ्या घरी जातात? मी 'हे पॅनल काढा' दाबलं. कॉम्प्युटरने फार सभ्यपणे विचारलं, की काढलं तर त्याची सगळी मांडणी नाहीशी होईल, काढू का?

सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नाला मी कधी नाही म्हणू शकलेलो नाही.

खालची पट्टी गेली. मेनू गेला, इंटरनेटचं चित्र गेलं, घड्याळ गेलं. वरची पट्टी कोरीच्या कोरी. मध्ये उरला तो वॉलपेपर: माझ्या सासूबाई, दोन्या एलिदा, उरुग्वाय नदीत स्वतः पकडलेल्या सुरुबी माशाला मिठी मारून उभ्या. मासा त्यांच्या खांद्याला लागत होता. दोघंही माझ्याकडे बघत होते. त्यातल्या त्यात माशाची नजर जरा मवाळ वाटली.

मी वाल्देमारला फोन लावला. (माझा फोन बटणांचा. त्यावर बोलता येतं, बाकी काही नाही.) त्याने उचलला नाही. न्हाणीघरातला नळ बंद झाल्याचा आवाज आला.

आता अशा वेळी माणसाला काय सुचावं? मला मघाचा फोटो दिसला, तिथेच समोर, माशाच्या शेपटीजवळ. उघडला. त्यात सगळं जागच्या जागी होतं, खालची पट्टी, मेनू, सगळं. मी तो फोटोच वॉलपेपर म्हणून लावला. पडद्यावर संसार पूर्ववत! लांबून कुणी शपथेवर सांगितलं असतं की हात लागलेला नाही. वाल्देमारचा फोन येईपर्यंत एवढं पुरेल, असा माझा हिशेब. मग मी सोफ्यावर जाऊन आडवा झालो, आणि दुपारच्या गोळीने तिचं काम केलं.

पुढचं मी झोपेत असताना घडलं, म्हणजे मला नंतर अनेकदा, आणि अनेकांसमोर, ऐकवण्यात आलं.

निबियाने कुणी फोन करून त्रास देऊ नये म्हणून आपला मोबाइल बंद करून कपाटात टाकला होता. माझं मनगटी घड्याळ माझ्याबरोबर उशीखाली झोपलेलं. ती केसाला टॉवेल बांधून आली, दारातूनच पडद्याकडे पाहिलं: दोन चाळीस. वा, वेळ आहे. तिने केस वाळवले, ब्लाऊजला इस्त्री केली, पुन्हा डोकावली: दोन चाळीस. तिला वाटलं, घाबरल्यावर वेळ पुढे सरकत नाही म्हणतात ते हेच. मग ती अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून टिपणं वाचत बसली. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेआधी इतकी शांत होते, असं ती म्हणते. हे ती ज्या आवाजात म्हणते, तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

मला जाग आली ती दोन्या एलिदांच्या आवाजाने. त्या पलीकडच्या गल्लीत राहतात. हातात पेरूच्या मुरंब्याचा ताजा केक आणि चेहऱ्यावर नवस फेडायला आल्यासारखं तेज.

"अगं, परीक्षेची वेळ झाली ना? अंगणात काय बसलीस?"

"आई, परीक्षा चारला आहे. आत्ता तीनसुद्धा वाजले नाहीत."

"वेडी का काय तू! मी निघाले तेव्हा पावणेचार झाले होते."

दोघी आत धावल्या. निबियाने खुर्ची ओढली आणि इंटरनेटच्या चित्रावर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. दहादा केलं.

"हँग झालाय! एबेर, हा हँग झालाय! बघ, घड्याळसुद्धा बंद पडलंय!"

मी सोफ्यावरून उठलो. मान डावीकडे अडकलेली, त्यामुळे मी बायकोशी बोलत असताना खिडकीकडे बघत होतो.

"हँग नाही झालेला."

"मग?"

"तो फोटो आहे."

"कसला फोटो?"

"पॅनलचा."

"मग पॅनल कुठंय?"

"ते गेलं."

"कुठे गेलं?"

"ते मी... वर घेत होतो. मानेसाठी."

निबिया काही बोलली नाही. सव्वीस वर्षांत ती गप्प बसल्याचे प्रसंग तीन, आणि उरलेले दोन अंत्यविधीचे होते. तिने हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते. चिडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वाल्देमार.

"काय दाबलंस?" त्याने 'हॅलो'ही म्हटलं नाही.

"काही नाही."

"काही न दाबणारी माणसंच मला फोन करतात. जाऊ दे. कीबोर्डजवळ कोण आहे?"

माझी मान अजून खिडकीकडेच, आणि निबियाला रडण्यामुळे समोरचं दिसत नव्हतं. दोन्या एलिदांनी केक माझ्या हातात दिला, लेकीला उठवलं, स्वतः बसल्या आणि फोन खांद्यात धरला. "बोल रे बाबा."

त्याने कुठली तीन बटणं एकदम दाबायची ते सांगितलं. हुकूम लिहायची काळी खिडकी पडद्यावर उघडली.

"आता म्हणतोय, माते," सासूबाई माझ्याकडे वळून ओरडल्या. "इथे पोरीची परीक्षा बुडतेय आणि ह्याला माते हवंय! जा, पाणी ठेव!"

मी केक घेऊन स्वयंपाकघराकडे निघालोही होतो.

"लिहा!" फोनमधून वाल्देमार किंचाळला, तो मलाही ऐकू आला. "प्यायचं नाही, लिहायचं! माते, मग एक आडवी रेघ, मग पॅनल, मग जागा सोडा, मग दोन आडव्या रेघा, मग रीसेट!"

"असं नीट सांग की," सासूबाई म्हणाल्या, आणि दोन बोटांनी, गळाला आमिष लावावं तशा शांतपणे, एकेक अक्षर टोचत गेल्या.

एन्टर. पडदा लुकलुकला. आणि वरच्या काठाला, हो, वरच्या, मेनू, चित्रं आणि घड्याळासकट अख्खं पॅनल येऊन बसलं. कारखान्यातून येतं तसं. मला हवं होतं अगदी तिथेच. "बघा, मी हेच करत होतो," असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. (एवढी अक्कल आहे.)

तीन सत्तावन्न झाले होते. निबियाने तोंडावर पाणी मारलं, डोक्यात उरलेला एक चिमटा काढला आणि बसली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिलो. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मायेने की मी पुन्हा कॉम्प्युटरकडे जाऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. मग आपली मांडणी दाखवण्यासाठी तिने स्वतःचा पडदा परीक्षकांना दाखवला, आणि तिकडून एका वयस्कर बाईंचा आवाज आला, "मास्तरीणबाई, क्षमा करा, तुमच्या पडद्यावर दोन घड्याळं कशी? वरचं चार अकरा दाखवतंय आणि खालचं दोन चाळीस."

निबियाने दोन्ही घड्याळांकडे पाहिलं.

"वरचं शाळेचं आहे, बाई. खालचं माझ्या नवऱ्याचं. तो अजून तिथेच आहे."

तिन्ही परीक्षक हसले. चांगले मिनिटभर हसले. त्यानंतर तिचा आवाज कापला नाही. एखाद्या वर्गात मुलं अशीच मागे राहिली तर काय कराल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती वीस मिनिटं बोलली. इतकं मनापासून, इतक्या बारकाव्यांनिशी, की दाराआड उभ्या असलेल्या मला कान पाडून ऐकावं लागलं.

तिला जागा मिळाली. शेऱ्यात लिहून आलं, 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतही संयम.' तो कागद तिने फ्रेम करून जेवणाच्या खोलीत लावलाय.

वाल्देमार अभिनंदनाला आला तो दोन्या एलिदांची बोटं कीबोर्डवर चालताना बघून भारावूनच गेला. म्हणाला, असा शांत हात आमच्या अख्ख्या नगरपालिकेत नाही. दोन रविवार शिकवल्यावर त्याने त्यांना आमच्या कॉम्प्युटरची व्यवस्थापक करून टाकलं. पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं. त्याचं नाव 'पाहुणा'. त्यातून काहीही हलवता येत नाही.

माझी तक्रार नाही. दमलोय मी. फक्त त्या खात्यातली अक्षरं फार बारीक आहेत, ती थोडी मोठी करून मिळावीत असं मी सासूबाईंना सुचवलं. त्या म्हणाल्या, "जावईबुवा, तोंडी नको, अर्ज करा." मी जन्मभर अर्ज घेतलेत, एक लिहायला काय जातंय? 'पाहुणा'त बसून टाइप केला, छापला, नेऊन दिला.

सोमवारी तो परत आला. खाली लाल पेनाने शेरा होता: 'अक्षर फार बारीक आहे. वाचता येत नाही. पुन्हा लिहून आणा.'